वैशाली ‘जातो’ म्हणाली

“मंजू, वैशाली गेली.”

तिच्या बाबांचा फोन आला तेव्हा सकाळ होती, पेपर सुरू व्हायची वेळ होती, आणि मी अभ्यासिकेच्या जिन्यात तिची बॅग मांडीवर घेऊन बसले होते. ऐकल्याबरोबर मला क्षणभर आनंद झाला. हो, आनंदच... ‘कुठल्या यादीत?’ हा प्रश्न अगदी ओठांपर्यंत आला होता. जीव नागपूरच्या दवाखान्याकडे लागलेला होता, पण कान मात्र अभ्यासिकेचे होते, आणि आमच्या अभ्यासिकेत ‘गेला’ या शब्दाचा अर्थ एकच. एखाद्याची निवड झाली, ऑर्डर हातात पडली, त्याने खुर्चीवरची आपली उशी उचलली की आम्ही म्हणतो, गेला बुवा एकदाचा. गजूभाऊ गेला. मारेगावची ती चष्मेवाली गेली. आपण कधी जाणार... दिवसातून दहादा आम्ही हा शब्द हेव्याने उच्चारतो. मग फोनवर काकांच्या मागून वैशालीच्या आईचा, काकूंचा आवाज ऐकू आला, आणि तो शब्द साऱ्या जगात ज्या अर्थाने वापरतात त्या अर्थाने मला कळला.

याला आता दीड महिना होत आला. मी हे लिहायला बसले आहे ते वैशाली किती गुणी होती हे सांगायला नाही. गुणी होतीच, पण भांडखोर होती, हट्टी होती, दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता खायची. मी लिहिते आहे ते काकूंच्या एका प्रश्नामुळे. लोहाऱ्याच्या त्यांच्या घरी तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून पांगली, तेव्हा काकूंनी मला आत बोलावलं आणि हळूच विचारलं, “निंगतानी ते काय म्हनली व?” दवाखान्यात काकू पोचल्या तोवर वैशालीच्या तोंडावर मास्क चढला होता. त्यामुळे तिचे शेवटचे धड शब्द ऐकणारी मीच. मी म्हटलं, काकू, पाण्याचा जग भरून आणते... आणि जग तिथेच ठेवून मागच्या दाराने निघून आले. उत्तर मला माहीत होतं. ते द्यायचं कसं हे माहीत नव्हतं. का, ते कळायला आमची खोली आधी समजून घ्यावी लागेल.

यवतमाळात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर ही अभ्यासिका आहे. एक लांबट हॉल, प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेले कप्पे, डोक्यावर ट्यूबलाइट, उन्हाळ्यात एक कूलर जो समोरच्या दोन रांगांनाच हवा देतो. झरी जामणीपासून नेर-दारव्ह्यापर्यंत कुठकुठली पोरंपोरी इथे येऊन बसतात आणि तलाठी, वनरक्षक, लिपिक, जे निघेल ते भरतात. मी केळापूरच्या पलीकडच्या एका तांड्यावरून आले. आल्या आल्या पुस्तकं मांडली, तर एका पुस्तकातून मोरपीस खाली पडलं. शाळेत असताना आम्ही सगळ्या पोरी पुस्तकात मोरपीस आणि विद्येची पानं ठेवायचो. मोरपिसाला खडूचा चुरा खाऊ घातला की त्याला पिल्लं होतात आणि पिल्लं झाली की पहिला नंबर येतो, असं सगळ्यांचं पक्कं मत होतं. पदवी झाली तरी मी ते पीस टाकलं नव्हतं. शेजारच्या कप्प्यातली पोरगी वाकून म्हणाली, “काय व, पिल्लं झाले का मोरपिसाले?” मला असा राग आला! पण ती स्वतःच इतकी हसत होती की मीही हसले. ती वैशाली.

तिच्या टेबलावर एक मोठी पाण्याची बाटली कायम भरलेली असायची. तिला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हे नाव समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते... रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे इतकं दुखतं की माणूस गुरासारखा ओरडतो. थंडी सोसत नाही, ऊन सोसत नाही, पाणी कमी प्यालेलं सोसत नाही, जागरण सोसत नाही. आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास म्हणजे या चारही गोष्टी. आमच्या काही पोरांचा असा समज होता की पेपरच्या दिवशी पाणी जास्त प्यालं की पाठांतर धुऊन जातं. वैशाली मुद्दाम त्यांच्यासमोर उभी राहून बाटली तोंडाला लावायची, गटागटा प्यायची आणि म्हणायची, “गेली राज्यघटना वाहून.” परीक्षा केंद्रावर बाटलीवरून तिची प्रत्येक वेळी खडाजंगी व्हायची. डॉक्टरांचा कागद दाखवायचा, पर्यवेक्षकांनी साहेबांना विचारायचं, साहेबांनी आणखी कोणाला... तोवर आतल्यांचे उत्तरपत्रिकेवरचे गोल भरून व्हायला लागलेले असायचे. तिने ते कधी कारण म्हणून सांगितलं नाही. नापास झाली तर अभ्यास कमी पडला म्हणायची. थोडं खोटं बोलायची.

आता ‘जातो’ची गोष्ट. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, हे कोणालाही शिकवावं लागत नाही. आमच्याकडे तर बायकासुद्धा ‘मी येतो’ असंच म्हणतात. पण अभ्यासिकेत गजूभाऊ नावाचा एक बुजुर्ग होता. बुजुर्ग म्हणजे काय, तिशी ओलांडलेला. तो परीक्षेला निघताना दर वेळी दारात उभा राहून सगळ्यांना “येतो बरं का” म्हणायचा, आणि दर वेळी बिचारा निकालानंतर परत येऊन त्याच खुर्चीवर बसायचा. एकदा कोणीतरी वैतागून म्हणालं, भाऊ, तू येतो म्हनतो म्हनूनच येतो. यावेळी जातो म्हन! गजूभाऊ दारात गेला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, “जातो.” सगळा हॉल ओरडला, “जाय! पुना तोंड नोको दाखवू!” आणि गजूभाऊ वनरक्षक झाला. झालं. तेव्हापासून परीक्षेला निघणाऱ्याने उंबऱ्यावर थांबून ‘जातो’ म्हणायचं आणि आतल्यांनी ती शिवी घालायची, हा रिवाज पडला. शिवी जितकी जोरात तितकं नशीब जोरात. नवीन आलेल्या पोरांना आधी वाईट वाटायचं. मग तीच सगळ्यात मोठ्याने ओरडायची.

वैशालीला या सगळ्याचं भारी कौतुक. मानत काहीच नव्हती, पण अशा गोष्टी हुडकण्याचा तिला नाद होता. दुपारी डबे उघडले की ती मोबाइल पुढे धरायची आणि जगभरातल्या परीक्षार्थींच्या भानगडी वाचून दाखवायची. जपानातली पोरं परीक्षेआधी डुकराच्या मांसाचं कटलेट खातात, कारण त्या पदार्थाचं नाव त्यांच्या भाषेत ‘जिंकणे’सारखं ऐकू येतं. कोरियात चिकट मिठाई वाटतात, म्हणजे पोरगा कॉलेजला चिकटतो, आणि समुद्री शेवाळाचं सूप त्या दिवशी वर्ज्य, कारण ते बुळबुळीत, पाय घसरतो. चीनमधल्या आया पोरांना केंद्रावर सोडायला ठेवणीतला झगा घालून येतात, कारण त्या झग्याच्या नावातला शब्द त्यांच्या जिंकण्याच्या म्हणीत येतो. रशियात तर पोरं रात्री गुणांची वही खिडकीबाहेर धरून फुकटच्या मार्कांना हाक मारतात म्हणे. आणि तिथेच एक गोष्ट तिला सापडली तेव्हा ती खुर्चीवरून उठून नाचायची बाकी राहिली होती. रशियात परीक्षेला निघालेल्याला चांगलं चिंतत नाहीत. तुझ्या हाती काहीच न लागो, असं म्हणतात, आणि त्याने उलट ‘जा सैतानाकडे’ असं उत्तर द्यायचं असतं. “मंजे, पाह्य व! आपल्यासारखेच येडे लोक हायेत तिकडं. आपून एकटे नाई.” मी म्हटलं, तू तर मानत नाहीस ना? ती म्हणाली, “मी मानत नाई, गोळा करतो. भेव साऱ्यायलेच वाटते ना, मंग ज्याच्या घरात जे सापडन ते तो हातात धरते.”

माझ्या याडीने, म्हणजे आईने, माझ्या प्रत्येक परीक्षेला तांड्यावर विस्तवावर तूप-गुळाचा भोग लावला आहे. वैशालीने एकदा माझ्याकडून तो सगळा विधी नीट समजून घेतला. चेष्टा नाही केली. फक्त म्हणाली, तुझ्या याडीला सांग, एक चमचा माझ्या नावानंही टाक. याडी तेव्हापासून दोन चमचे टाकायची. या परीक्षेलाही तिने दोनच टाकले होते.

वैशालीच्या घरी मात्र असलं काही चालायचं नाही. काका औद्योगिक वसाहतीतल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर. कडक माणूस. आणि त्यांच्या कडकपणाला कारण होतं. वैशाली लहान असताना हात-पाय सुजून रडायची, तेव्हा गावाकडच्या नातेवाइकांनी लिंबं उतरवली, दंडाला ताईत बांधला, पोटाला चटके द्या असं कोणीतरी सांगितलं. लोखंड तापतही होतं म्हणे. काकांनी पोरीला उचललं, मिळेल त्या गाडीने यवतमाळ गाठलं आणि रक्त तपासून घेतलं. तेव्हा कुठे त्या दुखण्याला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या, आणि वैशाली वाढली. त्या दिवसापासून त्यांच्या घरात लिंबू आलं ते सरबतासाठीच. नजर, शकुन, मुहूर्त, कोणी शब्द काढला की काका ताटावरून उठायचे.

काकूंनी एवढं सगळं सोडलं, पण एक गोष्ट त्यांच्याने सुटली नाही. घरातून कोणी ‘जातो’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. काका रोज कामावर निघताना मुद्दाम “जातो” म्हणायचे, आणि काकू हातातलं काम टाकून दारात यायच्या. “येतो म्हना आंधी.” काका सायकलवर टांग टाकत म्हणायचे, “येतो म्हनलं का जिनिंगचा भोंगा लवकर वाजते काय?” आणि म्हणायचे नाहीत. हा त्यांचा रोजचा खेळ मी स्वतः पाहिला आहे. वैशाली मात्र आईला त्रास द्यायची नाही. घराच्या दारात ‘येतो’, अभ्यासिकेच्या दारात ‘जातो’. मला म्हणायची, दोघांपैकी एक तरी लागू पडेल. एकदा पेपरच्या दिवशी काकूंनी डब्यात भेंडी दिली, तर हिने घरात जाहीर केलं, भेंडी नको, बुळबुळीत आहे, कोरियात चालत नाही. काका जेवता जेवता ओरडले, “आपल्याच अंधश्रद्धा कमी पडल्या काय, आता कोरियाच्याई आनून राह्यली?” हे सांगताना ती हसून हसून खोकायला लागली होती. भेंडी तिने खाल्लीच. नापासही झाली.

तिच्या हातात फार संधी उरल्या नव्हत्या. वय निघून चाललं होतं. मध्ये दोन ठिकाणांहून मागणी आली, रक्ताचा रिपोर्ट पाहिल्यावर पुढे कोणी बोललं नाही. वैशाली त्यावर रडली नाही, पण बरेच दिवस तिने जगातल्या अंधश्रद्धा वाचून दाखवल्या नाहीत. मग एका दुपारी डबा खाता खाता म्हणाली, “एकदा पोस्ट भेटली ना मंजे, का मंग लोक दुखनं नाई विचारत, पोस्टिंग विचारतात.” तिला तलाठी व्हायचं होतं, आणि नेमणूक हवी होती झरी जामणीची. तिकडे बदली म्हणजे लोक शिक्षा समजतात. जंगलातली गावं, पावसावरची शेती, गाडी वेळेवर नाही. तिचं म्हणणं होतं, तिकडच्या पाड्यांवर कितीतरी पोरं आहेत जी रात्री गुडघे धरून रडतात आणि घरचे लिंबू शोधतात. सात-बारा देता देता त्यांना रक्त तपासायला पाठवता येईल. हे ती भाषणासारखं बोलायची नाही. बोलायची आणि पुढचं लोणचं उचलायची, तेही माझ्या डब्यातलं.

त्या दिवशी सगळ्यांचीच निघायची गडबड होती. दुसऱ्या दिवशी तलाठ्याचा पेपर, बहुतेकांचं केंद्र अमरावती. सकाळपासून एकेक जण दारात उभा राहून ‘जातो’ म्हणत होता आणि आत राहिलेले ओरडत होते. आम्हा दोघींना संध्याकाळच्या बसने जायचं होतं. जेवणानंतर वैशालीने टेबलावर डोकं टेकवलं. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने म्हणाली, “मंजे, छाती दुखून राह्यली.” दुखणं तिला नवं नव्हतं, मलाही नव्हतं. असं झालं की दवाखान्यात जायचं, सलाईन लावायची, दुखणं उतरलं की परत यायचं, हे आम्ही कितीदा तरी केलं होतं. तिने स्वतःच बॅग भरली. हॉल तिकीट वरच्या कप्प्यात ठेवलं. म्हणाली, “बॅग संगं घे. सलाईन लावू, उतरन. दवाखान्यातून परभारे बसस्टँडवर जाऊ.” मी बॅग घेतली, तिचा दंड धरला. दाराशी आल्यावर तिने माझा हात सोडवला. चौकट धरून सरळ उभी राहिली, मागे वळली, आणि म्हणाली,

“जातो.”

आतल्यांनी मान वर केली नाही. कशाला करतील... सकाळपासून हेच चाललं होतं. त्यांना वाटलं ही बससाठी निघाली. आणि सगळे एका सुरात ओरडले, “जाय! पुना तोंड नोको दाखवू!” एकाने टेबलावर हात आपटला. वैशाली हसली. छातीवर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. जिन्याच्या मधल्या पायरीवर तिला बसावं लागलं. तिथून खाली ऑटोपर्यंत मी आणि झेरॉक्सवाल्याने तिला उचलून नेलं. ऑटोत ती बोलली नाही, फक्त श्वास घेत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसावर आलंय. काका-काकू आले, संध्याकाळी तिला नागपूरला हलवलं. ॲम्ब्युलन्समध्ये ते दोघं बसले. माझ्या हातात बॅग राहिली. त्यात हॉल तिकीट होतं, दोन पेनं होती आणि अर्धी प्यायलेली बाटली.

सकाळी फोन आला तो वर सांगितला.

मी पेपरला गेले नाही. जे गेले होते ते अमरावतीहून परतले आणि दारातच त्यांना कळलं. ज्याने टेबलावर हात आपटला होता तो पोरगा त्याच दिवशी सामान बांधून गावी गेला, अजून आलेला नाही. कोणी ठरवलं नाही, पण पुढच्या परीक्षेच्या दिवशी पाहिलं तर निघणारे दारात थांबत नाहीत. मान खाली घालून, जिन्यावर पावलं न वाजवता जातात. आतले पुस्तकात बघत राहतात. मला त्या पोरांचा राग येत नाही. त्यांनी तिला चांगलंच चिंतलं होतं, आमच्या खोलीच्या भाषेत यापेक्षा चांगलं काही बोलताच येत नाही. पण हे काकूंना कोण समजावणार? ज्या बाईने जन्मभर एका शब्दासाठी दार अडवलं, तिला मी सांगायचं की तुमची पोरगी ‘जातो’ म्हणाली, आणि चाळीस पोरांनी तिला परत येऊ नको म्हटलं... हे मनात घेऊन मी महिनाभर लोहाऱ्याचा रस्ता टाळला. खोटं बोलायचं ठरवलं होतं. ‘येतो म्हणाली, काकू.’ साधं वाक्य. आरशासमोर म्हणूनही पाहिलं. काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आला की जीभ वळेना.

गेल्या रविवारी गेले. काकू ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. काका खाटेवर बसून सायकलचं पॅडल दुरुस्त करत होते. काकूंनी माझ्यापुढे पाणी ठेवलं, परत शेंगा हातात घेतल्या, आणि जणू मधला महिना गेलाच नाही अशा आवाजात विचारलं, “सांगतलं नाई तू. काय म्हनली ते?”

मी सांगितलं. सगळं. गजूभाऊपासून. खोलीत ‘जातो’ का म्हणतात, ती कशी म्हणाली, पोरं काय ओरडली. ती बससाठी निघाली असं त्यांना वाटलं, हेही. तिला पोस्ट मिळावी म्हणून म्हणतात हो काकू, वाईटासाठी नाही... हे मी दोनदा-तीनदा सांगितलं असेल. माझं बोलणं संपलं तरी काकू शेंगा सोलतच होत्या. पॅडलचा आवाज मात्र थांबला होता. काका माझ्याकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत म्हणाले, “येतो म्हनली असती तं...”

मला वाटलं, आता काकू रडतील. त्या रडल्या नाहीत. हातातली शेंग सुपात टाकून त्या काकांकडे वळल्या. “काई नाई होत हो शब्दानं. इतके वर्स तुमीच तं सांगत होते.” खालच्या आवाजात, एखाद्या लहान पोराला समजवावं तसं. मग मला विचारलं, “हासली म्हनते ना?” मी म्हटलं, हो काकू, खूप हसली. “खरं?” खरं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “मंग तिले भेव नसन वाटलं.” आणि उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही, कशाचाच नाही. काका आणि मी ओसरीत बसून राहिलो. जेवून जा, असं त्या घरात मला पहिल्यांदाच कोणी म्हटलं नाही.

काका फाटकापर्यंत सोबत आले. त्यांनीच हात करून ऑटो थांबवला. वैशाली गेल्यापासून मी दोन्ही शब्द टाळते, कोणाकडूनही उठताना नुसतं ‘निघते’ म्हणते. तसंच म्हटलं. ऑटोत बसले. ऑटो सुरू झाला, पण हलेना. बघितलं तर काकांनी बाजूची दांडी घट्ट धरली होती, बोटांना पॅडलचं काळं ऑइल लागलेलं.

“असं नाई,” ते म्हणाले. “येतो म्हन.”

ऑटोवाला मागे वळून बघायला लागला. मी काकांकडे पाहिलं. सबंध लोहाऱ्यात ज्यांच्यासमोर शकुनाचा श काढायची कोणाची छाती नाही, ते काका...

“येतो, काका.”

त्यांनी दांडी सोडली नाही.

“पुना म्हन.”